तार काढल्यावरचा पीळ

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. डाळिंबाच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. नाशिक जिल्ह्यात सटाणा-देवळ्याकडे जुनी बाग मोडल्यावर बांधावर टाकलेलं एखादं खोड पाहावं. साल झडलेली असते, लाकूड उन्हापावसानं करडं पडलेलं असतं आणि त्यावरचा पीळ मात्र वळलेल्या दोरखंडासारखा स्पष्ट दिसत असतो. तो कुणी घातलेला नसतो. वय वाढेल तसे डाळिंबाच्या लाकडाचे तंतू तिरके चढत जातात आणि खोड स्वतःभोवतीच फिरल्यासारखं दिसू लागतं. जपानमध्ये तर पिळाच्या खोडाची एक खास जातच जपली गेली आहे. तिला नेजिकान म्हणतात. नेजि म्हणजे पिळणं, कान म्हणजे खोड.

नाशिकमध्ये बोन्साय, म्हणजे उथळ कुंडीत (तबकात) छाटून लहान ठेवलेलं झाड, म्हटलं की आधी वडाचं नाव निघतं. पंचवटीचं नावच पाच वडांवरून पडलेलं असल्यामुळे ते साहजिकही आहे. पण वळणावळणाच्या फांद्यांचं छोटं झाड करायचं असेल, तर मला या जिल्ह्यात डाळिंबाइतकं जवळचं दुसरं झाड दिसत नाही. चुनखडीची जमीन, कोरडी हवा, उन्हाळ्यातलं चाळिशीचं ऊन, निफाडकडून येणारी बोचरी थंडी हे सगळं ते सोसतं. शिवाय त्याची छाटणी, त्याला द्यायचा पाण्याचा ताण, त्याचे रोग जाणणारी माणसं इथे गावोगाव आहेत. तबकातल्या झाडासाठी लागणारं निम्मं ज्ञान बागेच्या बांधावर आधीच बोललं जातं.

झाड निवडतानाच एक चूक होते. बाजारात खायला मिळतं त्या भगवा जातीचं रोप तबकात लावलं जातं आणि मग छोट्या झाडावर छोटी फळं येतील अशी वाट पाहिली जाते. मुळं आणि शेंडे आवरत गेलं की पानं बारीक होतात, पण फुलं आणि फळं लहान होत नाहीत. पाव किलोचं फळ ४० सेंटिमीटरच्या झाडाला लटकलं तर फांदी झुकते, मोडते, आणि तिला दिलेलं वळणही बिघडतं. फळं हवी असतील तर ‘नाना’ नावाच्या जातीचं बुटकं डाळिंब घ्यावं. पानं अरुंद आणि आखूड, फूल लहान, फळ साधारण लिंबाएवढं. खायला त्यात काही नसतं, पण झाडाच्या मापात ते शोभतं. भगव्याचं जुनं खोड मिळत असेल तर ते खोडाच्या सौंदर्यासाठी जरूर घ्यावं आणि त्यावर फुलांपुरतंच समाधान मानावं.

जुनं खोड आणताना मात्र तेल्या रोग आहे का ते पाहिल्याशिवाय हात लावू नये. पानांवर, फळांवर तेलकट काळे डाग आणि फांद्यांच्या पेऱ्यांशी काळपट चिरा दिसल्या तर ते खोड फुकट मिळालं तरी नको. हा जिवाणूजन्य रोग आहे. कात्रीवरून, पावसाच्या शिंतोड्यांतून तो शेजारच्या झाडांवर जातो, आणि तबकातलं झाड तर आयुष्यभर कात्रीखालीच असतं. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्रीची पाती स्पिरिटनं पुसण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

रोप स्वतः करायचं असेल तर दोन वाटा आहेत. जानेवारीत झाड विश्रांतीत असताना पेन्सिलीएवढ्या जाड, २० ते २५ सेंटिमीटर लांब पक्क्या काडीचा छाट लावता येतो. पावसाळ्यात गुटी बांधता येते, म्हणजे काडी झाडावर असतानाच तिला मुळं फोडता येतात. गुटीसाठी काडीवरून अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची सालीची कडी पूर्ण काढायची, उघडं लाकूड खरवडून त्यावरचा निसरडा थर पुसून टाकायचा, वरच्या काठाला मुळं फुटण्याचं संजीवक लावायचं, भिजवून पिळलेलं शेवाळ गुंडाळायचं आणि प्लॅस्टिकनं दोन्ही टोकांना घट्ट बांधायचं. दीड-दोन महिन्यांत पारदर्शक कागदातून पांढरी मुळं दिसतात. ती तपकिरी होऊ लागली की खालून कापायचं.

इथे कडीच्या रुंदीबद्दल थोडं थांबायला हवं, कारण फांदीला वळण देण्यासाठी तिच्यावर गुंडाळायच्या तारेची पुढची सगळी गोष्ट तिच्यात दडलेली आहे. द्राक्षबागेत मणी फुगवण्यासाठी गर्डलिंग करतात. तिथे सालीची अगदी अरुंद, काही मिलिमीटरचीच पट्टी काढलेली असते. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ते काही दिवस अडतं, मण्यांना मिळतं आणि मग जखम भरून वाट पुन्हा जुळते. गुटीत आपल्याला वाट जुळायला नकोच असते, म्हणून कडी रुंद घ्यायची. अन्न वरच्या काठाशी साचतं, तिथे गाठ येते आणि त्या गाठीतून मुळं फुटतात. फांदीत रुतलेली तार हीसुद्धा एक प्रकारची कडीच असते, फक्त जिन्यासारखी चढत गेलेली. तिच्याही वरच्या कडेला अन्न अडतं आणि साल फुगते. तिन्ही ठिकाणी झाड एकच काम करत असतं. आपण वाट अडवली, तर ते काय करतं हे कळलं की तार केव्हा काढायची हे कुणाला विचारावं लागत नाही.

आता माती. नाशिकची काळी माती तबकात घालू नये. ओली झाली की ती फुगते, सुकली की तडकते, आणि तडकताना बारीक मुळं तोडते. मिश्रण साधं असावं: दोन भाग विटांचा चुरा, एक भाग खडीची चाळ, एक भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं किंवा गांडूळखत. चुऱ्याचे दाणे ३ ते ५ मिलिमीटरचे हवेत. रव्याच्या चाळणीतून खाली पडेल ते सगळं बाजूला काढायचं, कारण ती बारीक भुकटीच तळाशी बसून भोकं बुजवते. वीट पक्की भाजलेली आहे का हे पाहायला मूठभर चुरा रात्रभर पाण्यात ठेवावा. सकाळी बोटांनी चिरडला गेला तर ती वीट कच्ची, सहा महिन्यांत तिचा चिखल होणार. निंबोळी पेंड मूठभर मिसळली तर सूत्रकृमींचा त्रास कमी राहतो. डाळिंबाला तो फार होतो आणि तबकात मुळांवरच्या गाठी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

तबकाची खोली खोडाच्या बुंध्याच्या जाडीएवढी असावी असा एक सर्वसाधारण नियम सांगितला जातो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तो पाळू नये. चार सेंटिमीटर खोलीचं तबक गच्चीवर दुपारी एवढं तापतं की काठालगतची मुळं भाजून निघतात. पहिली काही वर्षं ८ ते १० सेंटिमीटर खोली ठेवावी, आणि फळ धरायचं असेल तर त्याहून कमी कधीच करू नये. भोकांवर जाळी, तळातून आणलेली तार मुळांवरून फिरवून पक्की बांधलेली, म्हणजे वाऱ्यानं झाड हलणार नाही. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं रोज तुटतात. लोक ही बांधणी टाळतात, आणि मग रोप जगलं पण वाढलं नाही म्हणून खताला दोष देतात.

आता तार.

ॲनोडाइज्ड ॲल्युमिनिअमची तार डाळिंबासाठी योग्य. १ ते ६ मिलिमीटर जाडीपर्यंत ती मिळते. जाडी निवडताना फांदीच्या जाडीचा तिसरा हिस्सा धरावा, म्हणजे १२ मिलिमीटर फांदीला ४ मिलिमीटरची तार. फांदीच्या लांबीच्या दीडपट तार तोडावी. तिचं एक टोक खोडावर किमान दीड वेढा घेऊन अडकलेलं हवं, नाहीतर फांदी वाकवली की तारच फिरते आणि सालीला घासते. सर्वांत चांगलं म्हणजे जवळच्या दोन फांद्यांना एकच तार, मध्ये खोडावरून नेलेली, म्हणजे दोघी एकमेकींना धरून ठेवतात. वेढे ४५ अंशांच्या तिरक्यात आणि सारख्या अंतरावर. दाट वेढ्यांनी पकड वाढत नाही, तार फक्त स्प्रिंगसारखी लवते. एकावर एक तार चढवायची नाही. पान, डोळा (नवी फूट येते ती जागा), काटा तारेखाली दाबायचा नाही. डाळिंबाच्या काड्यांना टोकाशी काटे असतात, ते आधी छाटून घ्यावेत, नाहीतर तारेपेक्षा बोटांचंच काम जास्त होतं.

तांब्याची तार वापरणारेही आहेत. तिची पकड जास्त, म्हणून तीच फांदी बारीक तारेत राहते. पण ती आधी मऊ करून घ्यावी लागते. हे नाशिकच्या भांडी बाजारात कुणाही तांबटाला सांगावं लागत नाही: तांबं ठोकलं की कडक होतं, भट्टीत मंद लाल होईतो तापवलं की पुन्हा नरम पडतं. तारेचंही तेच. तापवून गार केलेली तार हातात सुतासारखी वळते, आणि फांदीवर वळवतानाच कडक होत जाते. म्हणूनच ती धरून ठेवते, आणि म्हणूनच एकदा वळवलेली तार पुन्हा तापवल्याशिवाय सरळ करून वापरता येत नाही. विजेच्या वायरमधलं तांबं घ्यायचं असेल तर वरचं प्लॅस्टिक आधी सोलून काढावं. जाळून काढू नये, तो धूर विषारी असतो. द्राक्षमांडवाची गॅल्व्हनाइज्ड तार मात्र बोन्सायला निरुपयोगी. ती इतकी ताठ असते की वळवताना आधी फांदी मोडते.

तार घालायच्या आदल्या दिवशी पाणी द्यायचं नाही. पाण्यानं भरलेली फांदी काकडीसारखी कट्‌कन मोडते, किंचित तहानलेली लवते. डाळिंबाची कोवळी काडी लवचीक असते, पण अंगठ्याएवढी जाड झाली की लाकूड ठिसूळ होतं. म्हणून मुख्य वळणं पेन्सिलीच्या जाडीत असतानाच द्यायची. त्याहून जाड फांदी वाकवायचीच असेल, तर आधी ओल्या सुती पट्ट्या किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळायची, वळणाच्या बाहेरच्या अंगाला एक जाड तार सरळ उभी ठेवायची आणि त्यावरून वेढे घ्यायचे. एकाच दिवशी पूर्ण वाकवायचं नाही. आठवड्याला थोडं थोडं.

वाकवणं म्हणजे दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवून बाकीच्या बोटांनी दोन्हीकडून ओढणं. तार नेहमी वळणाच्या बाहेरच्या अंगावर आली पाहिजे, कारण साल फाटते ती तिथेच. आणि इथेच पीळ कामाला येतो. फांदी नुसती वाकवली तर बाहेरचे तंतू ताणले जातात, आतले दबतात, सगळा जोर एका बिंदूवर येतो. वाकवता वाकवताना ती तिच्याच अंगाभोवती थोडी फिरवली, तर तो जोर लांबीभर वाटला जातो आणि तंतू एकमेकांवरून सरकतात. ओला टॉवेल पिळताना हातांना जे कळतं तेच हे. मात्र फिरवण्याची दिशा वेढ्यांच्या दिशेनंच हवी, म्हणजे तार आवळत जाते. उलट फिरवलं की ती सैल पडते आणि फांदी आधाराविना मोडते. उजवीकडे फिरवायची फांदी असेल तर वेढेही उजवीकडेच, हे तार घालण्यापूर्वी ठरवावं लागतं.

बारीक करकर ऐकू आली की थांबायचं. त्या आवाजानंतरही आणखी थोडं वाकवावं हा मोह फार मोठा असतो. फांदी अर्धी चिरली तरी ती गेली असं समजू नये. चीर बंद होईल इतकी मागे घ्यायची, कलमाची पट्टी घट्ट गुंडाळायची, दोन-तीन महिने हात लावायचा नाही. सालीचा एक पट्टाही सलग राहिला असेल तर बहुतेक वेळा ती जगते, आणि त्या जागी येणारी गाठ पुढे झाडाच्या वयात भर घालते.

वळण कसं असावं? सर्वांत जास्त दिसणारं चुकीचं वळण म्हणजे एकाच पातळीतला इंग्रजी एस. समोरून तो नागमोडी दिसतो, बाजूनं पाहिलं की झाड काठीसारखं सपाट. दुसरं चुकीचं वळण म्हणजे जिलबी: सारख्या मापाचे, सारख्या अंतराचे वेढे. खऱ्या झाडात वळणं खाली मोठी असतात, वर जाताना आखूड आणि जवळजवळ येत जातात, आणि दर वळणाला झाड थोडं पुढे किंवा मागेही झुकतं. फांद्या वळणाच्या बाहेरच्या कडेवरून निघाव्यात. आतल्या कोपऱ्यातून निघालेली फांदी सावलीत राहते, आणि काखेतून उगवल्यासारखी दिसते.

एक गोष्ट मात्र अनुभवी माणसंही विसरतात. खोड जाड होताना वळणं भरत जातात. पेन्सिलीच्या काडीला दिलेलं सुरेख, सौम्य वळण पाच वर्षांनी मनगटाएवढ्या खोडात जवळजवळ दिसेनासं होतं. म्हणून कोवळ्या काडीला आज विचित्र वाटेल इतकं वळण द्यायचं. आज अति वाटतं ते जाड झाल्यावर मापात येतं.

इथवरचं काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं, आणि माणसाचा वाटा खरं तर तेवढाच. वाकलेली फांदी अजून झाडाची झालेली नसते, तारेनं फक्त धरून ठेवलेली असते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओला, निसरडा थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. तो आतल्या अंगाला लाकडाचे नवे थर चढवतो. वाकवताना आत पडलेल्या सूक्ष्म चिरा बुजतात, आणि नवं लाकूड ज्या आकारावर चढतं त्याच आकारात घट्ट होतं. पीळ तयार होतो तो असा. त्याच वेळी झाड विरोधही करत असतं. रुंद पानांची झाडं खाली वाकवलेल्या फांदीच्या वरच्या अंगाला एक वेगळं, ओढून धरणारं लाकूड तयार करतात आणि फांदीला परत उजेडाकडे उचलू पाहतात. तार लवकर काढली तर ही ओढ जिंकते. उशिरा काढली तर तार रुतते. या दोन चुकांच्या मधला काळ ओळखणं एवढीच या कलेतली खरी विद्या आहे, आणि ती कॅलेंडरवर नाही, फांदीवर वाचायची असते.

झाड वाढत नसेल तर तार कितीही महिने ठेवा, काही घडत नाही. संक्रांतीला घातलेली तार महाशिवरात्रीपर्यंत निव्वळ शोभेची असते. पालवी फुटली की काम सुरू होतं. म्हणून उघड्या फांद्यांवर तार घालायला जानेवारीचा शेवट चांगला: पानं कमी, सगळा सांगाडा दिसतो. पण पाहणी मार्चपासून. आणि जूनच्या सरींनंतर झाड जोर धरतं तेव्हा दर आठवड्याला. पावसाळ्यातल्या कोवळ्या फुटीवर घातलेली तार कधी पाच-सहा आठवड्यांतच रुतायला लागते. फायकसमध्ये, म्हणजे वड-पिंपळाच्या गटातल्या झाडांत, त्याहूनही लवकर, आणि त्याच्या सालीवरचे ते व्रण वर्षानुवर्षं बुजत नाहीत. डाळिंबाची साल खडबडीत असल्यानं व्रण लपतात, म्हणून काही जण खोडावर मुद्दाम तार रुतू देतात, म्हणजे पीळ लवकर दिसतो. मला ते पटत नाही. सारख्या अंतराचे ते आटे जन्मभर स्क्रूसारखे दिसतात.

वाकवल्यानंतर आणखी एक काम राहतं, ते न केल्यामुळे सर्वांत जास्त फांद्या वाळतात. फांदी सरळ असते तेव्हा शेंडा राजा असतो, खालचे डोळे दबून राहतात. ती आडवी किंवा खाली वाकली की शेंड्याचा जोर मोडतो आणि वळणाच्या सर्वांत उंच बिंदूवरचा डोळा उसळून फुटतो. द्राक्षाच्या ओलांड्यावर (मांडवावरच्या आडव्या फांदीवर) डोळे फुटतात तेव्हा बागायतदार फेलफुटी, म्हणजे नको असलेले फुटवे, काढून टाकतात, तसंच इथे. वळणावरून सरळ आकाशाकडे निघालेले पानसोट बोटभर असतानाच नखांनी खुडायचे. ते राहिले तर सगळं पाणी, सगळं अन्न तेच ओढतात, आणि ज्या टोकासाठी एवढी तार गुंडाळली ते टोक गुपचूप वाळून जातं. बुंध्याशी येणारे फुटवेही असेच. डाळिंब मुळात झुडूप आहे, एका खोडावर राहणं त्याच्या स्वभावात नाही. दर पंधरवड्याला त्याला ते सांगावं लागतं.

तारेच्या वेढ्यांखाली पिठ्या ढेकूण घर करतो. वरून झाड निरोगी दिसतं, आणि तार काढल्यावर पांढरा कापूस निघतो. पाहणी करताना भिंगाची गरज नाही, मुंग्या पाहाव्यात. मुंग्यांची रांग फांदीवर चढत असेल तर वर कुणीतरी गोड सोडणारं आहे. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल, त्यात साबणाच्या पाण्याचे चार थेंब, संध्याकाळी फवारायचं. दुपारी फवारलं तर पानं करपतात.

मुळांची छाटणी आणि तबक बदलणं फेब्रुवारीच्या सुरुवातीला, डोळे फुगायला लागताना. तरुण झाडाला दोन वर्षांनी, जुन्याला तीन-चार वर्षांनी. एका वेळी मुळांचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग काढायचा नाही. डाळिंबात जाड मूळ कापताना वर पाहावं, कारण त्या मुळाच्या रेषेतला खोडाचा पट्टा बरेचदा सुकून जातो. पिळाच्या खोडात तो पट्टा सरळ वर न जाता तिरका फिरून भलत्याच फांदीपर्यंत पोचतो. जुन्या झाडांच्या खोडावर मेलेल्या करड्या लाकडाशेजारून जिवंत सालीची दोरी फिरत गेलेली दिसते ती अशीच घडते. दिसायला ती सुंदर असते, पण आपल्या कात्रीनं नकळत घडू नये. ज्या वर्षी मुळं छाटली त्या वर्षी जाड फांद्यांना तार घालायची नाही. झाडाकडे एका हंगामात एकच मोठी जखम भरण्याची ताकद असते असं धरून चालावं. तीन आठवडे सावली, दीड महिना खत नाही. फांद्या छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप).

पाणी मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआडही पुरतं. अगरबत्तीची जुनी काडी मातीत खोचून ठेवावी, काढून पाहावी: खालचं टोक ओलसर असेल तर थांबावं. पावसाळ्यात उलट काळजी. सलग आठ दिवस झड लागली की तबकाच्या एका बाजूखाली वीट सरकवावी. तबक तिरकं झालं की तळाशी थांबलेलं पाणी भोकातून उतरतं. एवढ्या साध्या विटेनं कितीतरी झाडं वाचतात. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर खोडाच्या बुडाशी पांढरा थर चढतो, पानांची टोकं जळतात. पावसाचं पाणी साठवून महिन्यातून एकदा भरपूर घालावं आणि क्षार धुऊन काढावेत.

फुलांसाठी बागायतदार बहार धरतो. मृग, हस्त किंवा आंबे (वर्षातले फुलांचे तीन हंगाम), ज्या बहारासाठी ठरवलं असेल त्याआधी जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना पाणी तोडतो. हे ऐकून तबकातल्या झाडाचं पाणी बंद करणारे लोक आहेत. बागेतल्या मुळांना खाली ओल शोधायला जमीन असते. तबकातली १० सेंटिमीटर माती उन्हात दीड दिवसात कोरडी ठणठणीत होते. इथे ताण द्यायचा तो एवढाच: पानं किंचित मलूल होईपर्यंत थांबायचं, मग पाणी द्यायचं, असं दोन-तीन आठवडे. तेही चार-पाच वर्षांच्या, निरोगी, मागच्या वर्षी मुळं न छाटलेल्या झाडालाच. नत्राचं खत त्याआधीच थांबवायचं. फुलं नव्या फुटीच्या टोकाशी आणि आखूड काड्यांवर येतात, म्हणून सतत शेंडे खुडत राहिलं तर झाड देखणं राहतं, पण फुलत नाही. पहिली फुलं गळाली म्हणून घाबरू नये. बुडाशी निमुळती असतात ती नर फुलं, ती गळायचीच. बुड भरलेली, सुरईसारखी फुलं फळ धरतात. फळं एक किंवा दोनच ठेवावीत. पाणी कमीजास्त झालं की ती तडकतात.

नर्सरीत वेणी घातलेली झाडं मिळतात, तीन-चार रोपं एकमेकांभोवती गुंफलेली. फायकसमध्ये ती एकजीव होतात. डाळिंबाची खोडं तितक्या सहज जुळत नाहीत. मधल्या फटीत साल अडकते, पाणी साचतं, आणि काही वर्षांत एक खोड दुसऱ्याला दाबून मारतं. वेणी आणि पीळ यांत फरक आहे. वेणी अनेकांची असते, पीळ एकाच खोडाच्या आत असतो.

झाडाला असं वाकवणं हा छळ नाही का, असं कळकळीनं विचारलं जातं, आणि प्रश्न टाळण्यासारखा नाही. झाड छोटं राहतं ते उपाशी ठेवल्यानं नाही. मुळं आणि शेंडे एकमेकांच्या प्रमाणात आवरल्यानं ते छोटं राहतं, आणि दर छाटणीनंतर नवी बारीक मुळं, नवी फूट आली तरच ते जगतं. उपासमारीत वाढलेलं झाड लगेच ओळखू येतं: पानं पिवळी, टोकं वाळलेली. घरात बोन्साय ठेवलं की भरभराट खुंटते असंही म्हणतात. डाळिंब घरात ठेवू नये हे खरंच आहे. त्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, दिवाणखान्यात ते दोन-तीन आठवड्यांत पानं टाकतं. पाहुण्यांसाठी संध्याकाळपुरतं आत आणावं आणि रात्री पुन्हा गच्चीवर ठेवावं.

आणि तार काढायची वेळ. वेढ्याच्या दोन्ही कडांना साल किंचित वर उचलल्यासारखी दिसू लागली, की त्याच दिवशी काढायची, रविवारची वाट पाहायची नाही. उलगडून काढायची नाही. उलगडताना तार फांदीला उलटं फिरवते, आणि महिनोन्‌महिने जमलेला पीळ सोडवायला निघते. कटरनं प्रत्येक वेढा जागच्या जागी तोडायचा, तुकडे आपोआप गळतात. मग फांदीखाली एक खुणेची काडी मातीत उभी करून ठेवायची आणि आठ दिवस पाहायचं. फांदी काडीला टेकून राहिली तर झालं. बोटभर वर उठली असेल तर नवी तार लगेच घालायची, पण जुन्या खुणांवरून नाही, त्यांच्या मधल्या मोकळ्या सालीवरून.